आत्याचं सूप, बाबांची गोळी

माझी आत्या वृद्धाश्रमात स्वयंपाक करायची, पण तिला कुणी स्वयंपाकीण म्हटलं की तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. "मी किचन चालवते," असं ती सांगायची, आणि खरोखरच चालवायची. तिने डावाने पातेल्याच्या कडेवर दोनदा ठोकलं की जेवणाच्या हॉलमधली सगळी कुजबुज बंद. निवृत्त न्यायाधीश असो नाहीतर ट्रक ड्रायव्हर, गुपचूप रांगेत यायचं, बाऊल दोन्ही हातांनी धरायचा आणि "गरम आहे, सांभाळून" हे ऐकून घ्यायचं. न ऐकता पुढे गेलेल्याला ती परत बोलवायची आणि पुन्हा ऐकवायची.

सूप म्हणजे काही जादू नव्हती. मसूर, गाजर, कोबी, कांदा, वर मिरपूड. पण कुणाच्या बाऊलमध्ये काय जावं हे तिच्या डोक्यात पक्कं असायचं. एकाला गाजर नको, एकाला घट्ट हवं, एका बाईंना कवळीचा त्रास म्हणून सगळं गाळून. नव्या माणसाला ती चार दिवस नुसतं जेवताना बघायची, पाचव्या दिवसापासून त्याला काही सांगावं लागत नसे. माणसांवर प्रेम करायची तिची ती एकच रीत होती. तोंडाने मात्र ती सगळ्यांना फाडून खायची.

आश्रमाच्या दोन विंग होत्या, मधे कपडे वाळत घालायचं अंगण, आणि दोन्हीकडे वेगवेगळं किचन. समोरच्या किचनमध्ये जी बाई होती तिचं नाव आत्याने कधी घेतलं नाही. ती "पलीकडची." एकाच जागी इतकी वर्षं काम करून दोघींचं बोलणं फक्त गॅस सिलिंडर उसना घेण्यापुरतं. "ती सूप करत नाही गं," आत्या मला सांगायची, "भांडी विसळते आणि तेच वाढते. बिचारी तिकडची माणसं!"

मला हे सगळं माहीत असायचं कारण सुट्टीच्या दिवशी मी आत्याकडे जाऊन बसायची. बाकीचे दिवस मी चष्म्याच्या दुकानात असते. लोकांच्या नाकावर फ्रेम बसवायची आणि "आता कसं वाटतंय?" विचारायचं. दिवसभर गोड बोलून बोलून संध्याकाळी माझं डोकं इतकं तापलेलं असतं की घरी कुणी "चहा घेतेस का?" विचारलं तरी मी अंगावर जाते. घरी विचारणारे म्हणजे बाबाच.

बाबा म्हणजे आत्याचे धाकटे भाऊ. दोघांची आई लवकर गेली, आणि बाबांना आत्यानेच वाढवलं. त्यांच्या शाळेचे डबे तिने केले, तापात ती उशाशी बसली, लग्न ठरवायलाही तीच गेली. बाबांचे केस पांढरे झाले तरी तिच्या तोंडी ते "धाकट्या"च राहिले. आमच्या घराखाली त्यांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान आहे. आई गेल्यापासून ते माझ्यापेक्षा मशीनशीच जास्त बोलायचे. जेवायचे अर्धं, बोलायचे त्याच्याही अर्धं. आणि बीपी तर त्यांना जुनंच होतं.

एके दिवशी आत्याच्या विंगेत पेपरवाली आली. त्या विंगेतले पाच जण नव्वदीच्या पुढे गेले होते, म्हणून तिला बातमी करायची होती. दीर्घायुष्याचं गुपित काय, असं तिने एकेकाला विचारलं. जहाजावर काम केलेले कॅप्टन म्हणाले, मी लग्नच केलं नाही. टायपिस्ट आजी म्हणाल्या, मी दोनदा केलं. तिसऱ्या आजोबांनी सांगितलं की मी रोज गार पाण्याने अंघोळ करतो. त्यावर त्यांच्याच खोलीतला माणूस ओरडला, "खोटं! गीझर संपवतो हा रोज!" पेपरवालीला काहीच धड मिळेना. तेवढ्यात जेवणाची वेळ झाली. तिने वैतागून विचारलं, "तुम्हा सगळ्यांत सारखं असं काहीच नाही का?" आणि सगळ्यांनी समोरच्या बाऊलकडे बोट दाखवलं. आत्या मागे डाव घेऊन उभी होती. दुसरं काय करतील बिचारे!

रविवारी छापून आलं: नव्वदीचं गुपित एका पातेल्यात! शेजारी आत्याचा फोटो, डावासकट.

त्या दिवसापासून आत्याचे पाय जमिनीवर राहिले नाहीत. मागच्या फाटकाशी माणसं डबे घेऊन उभी राहायला लागली. कुणाची सासू, कुणाचा साहेब, सगळ्यांना सूप हवं. ती वरवर कुरकुरायची, "काय बाई ही कटकट," पण पातेलं मात्र मोठं आणलं. बोलण्यातही फरक पडला. पूर्वी "आमची माणसं" म्हणायची, आता "माझ्या सूपवरची माणसं" म्हणायला लागली. मी चिडवलं, "आत्या, आता दवाखाने बंद करायचे का?" तर म्हणाली, "तुला मेलीला कौतुक म्हणून करता येत नाही!"

खरं सांगायचं तर मलाही बरं वाटलं होतं. कारण आश्रमात पाव टाकणाऱ्या टेम्पोबरोबर बाबांसाठीही रोज डबा यायला लागला, आणि बाबा तो चाटूनपुसून संपवायचे. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच त्यांच्या गालांवर जरा रंग दिसला.

मग एकदा मला कात्री हवी होती म्हणून मी त्यांच्या दुकानातला खण उघडला. बॉबिन आणि सुयांच्या डब्यांमध्ये बीपीच्या गोळ्यांची पाकिटं. एकही गोळी फोडलेली नाही.

"बाबा, हे काय आहे?"

"गोळ्या."

"ते मला दिसतंय. घेतल्या का नाहीत?"

"अगं, ताईचं सूप सुरू आहे ना," बाबा इतक्या शांतपणे म्हणाले की मी मूर्खच आहे जशी. "ती पाच माणसं बघ की. नव्वदीच्या पुढे गेलीत."

"बाबा, ते कॅप्टन सकाळी तीन गोळ्या घेतात! मी पाहिलंय!"

"त्या सूप मिळायच्या आधीपासूनच्या असतील. सवय सुटत नाही माणसाची."

आता यावर काय बोलणार! मी ओरडले, दार आपटलं, रडलेसुद्धा. बाबा मशीनचा पट्टा बसवत राहिले. त्यांना राग येत नाही हीच माझी अडचण आहे. भिंतीला बॉल मारावा तसा आपला आपल्यालाच लागतो.

काही आठवडे असेच गेले. मग एका दुपारी शेजारच्या दुकानदाराचा फोन आला. काम करता करता बाबांच्या हातातून स्क्रूड्रायव्हर पडला होता. उचलायला गेले तर बोटं ऐकेनात. शेजाऱ्याशी बोलायला लागले तर जीभ जड. मी पोचेपर्यंत सगळं ओसरलं होतं, आणि बाबा स्टुलावर बसून पाणी पीत होते. "काही नाही झालं," म्हणाले. मी त्यांना तसंच उचलून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, "ही पक्षाघाताची सूचना होती. प्रत्येक वेळी आधी सूचना मिळतेच असं नाही. गोळ्या आजपासून सुरू."

रिक्षातून आम्ही घरी आलो. घरात पाऊल टाकलं आणि बाबा समाधानाने म्हणाले, "बघ, सूप होतं म्हणून इतक्यावर निभावलं."

मी हातातली पिशवी जमिनीवर आपटली. त्यात अंडी होती.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून थेट आत्याच्या किचनमध्ये गेले. ती गाजरं चिरत होती. मी दारातूनच सुरुवात केली, मोठ्याने, तिच्या हाताखालच्या दोघी ऐकत होत्या तरी. स्क्रूड्रायव्हर, जीभ, गोळ्यांची पाकिटं, सगळं एका दमात सांगितलं.

आत्याची सुरी थांबली. "गोळ्या सोडल्या त्याने? माझ्या सूपच्या भरवशावर?"

आणि ती कांद्याच्या पोत्यावर बसली. माझ्या आख्ख्या आयुष्यात मी तिला किचनमध्ये बसलेलं पाहिलं नव्हतं. हाताखालच्या पोरींनी पटकन नजर दुसरीकडे केली.

तिथूनच तिने बाबांना फोन लावला आणि चांगलं झापलं. बाबा "हो ताई, हो ताई" म्हणत राहिले. संध्याकाळी मी पाकीट बघितलं, तर जसंच्या तसं. विचारलं तर म्हणतात कसे, "ताईचा स्वभावच तसा. स्वतःचं मोठेपण कधी घेणार नाही ती." माझी आत्या आणि मोठेपण घेणार नाही! मी कपाळाला हात लावला.

हे कळल्यावर आत्या आश्रमाच्या डॉक्टर मॅडमकडे गेली आणि मलाही ओढून घेऊन गेली. मॅडम तरुण होत्या, आठवड्यातून दोनदा यायच्या, आणि आत्याला जरा टरकूनच असायच्या.

"खरं सांगा," आत्या म्हणाली. "माझ्या सूपने माणसं जगतात का?"

मॅडम चाचरल्या. "म्हणजे... गरम असतं. भाज्या असतात, डाळ असते. माणसं खोलीत एकटी न खाता हॉलमध्ये येऊन जेवतात. हे सगळं चांगलंच आहे."

"गोड बोलू नका. सरळ बोला."

"मीठ जरा जास्त असतं," मॅडम हळूच म्हणाल्या.

"चवीपुरतं असतं!"

"मी इथेच जेवते मावशी, मला माहीत आहे." मग त्यांनी पेन खाली ठेवलं. "इथे प्रवेश कुणाला मिळतो? जो स्वतःच्या पायांनी पायऱ्या चढतो आणि स्वतःचे कपडे स्वतः घालतो त्याला. म्हणजे साठी ओलांडूनही धडधाकट असलेलीच माणसं आपल्याकडे येतात. जी अंथरुणाला खिळतात ती इथून दुसरीकडे हलवली जातात. मग आपल्याकडे म्हातारी माणसं पुष्कळ दिसणारच. आणि..." त्या थांबल्या.

"आणि काय?"

"पलीकडच्या विंगेतही नव्वदीच्या पुढचे आहेत. सहा जण. पेपरवाली तिकडे गेलीच नाही."

आत्याच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. इतकी वर्षं ती बाई भांडी विसळलेलं पाणी वाढत होती, आणि तिकडे सहा!

"बरं," आत्या म्हणाली. "आणि गोळी? गोळीने तरी होतं का, की तेही असंच?"

मग मॅडमनी समजावून सांगितलं. हजारो माणसं घेतली, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन भागांत वाटली. एका भागाला खरी गोळी, दुसऱ्याला दिसायला अगदी तशीच पण औषध नसलेली. आपण कुठली घेतोय हे त्यांनाही माहीत नाही आणि देणाऱ्यालाही नाही. अशी वर्षानुवर्षं बघितली. एकदा नाही, पुन्हा पुन्हा, निरनिराळ्या जागी. खरी गोळी घेणाऱ्यांमध्ये पक्षाघाताचे झटके कमी आले.

"कमी म्हणजे आलेच नाहीत असं नाही?"

"नाही. कमी."

"म्हणजे गोळी घेऊनही काही गेले. आणि न घेता काही राहिले."

"हो."

"मग त्याला काय दाखवू मी? तो तर एकच माणूस आहे."

"एका माणसावरून काहीच दाखवता येत नाही मावशी," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांनाही वाईट वाटत होतं हे दिसत होतं.

त्या शनिवारी आत्याने बाबांना आश्रमात जेवायला बोलावलं. "सूप ताजं, पातेल्यातलं," असं सांगितल्यावर बाबा चक्क इस्त्रीचा शर्ट घालून निघाले. मीही बरोबर होतेच.

आत्या फाटकाशीच उभी होती. तिने बाबांचा दंड धरला आणि आपल्या विंगेकडे न वळता अंगण ओलांडून सरळ पलीकडे चालायला लागली. वाळत घातलेल्या चादरींमधून वाट काढत आम्ही मागोमाग. पलीकडचीने आत्याला दारात बघितलं आणि तिच्या हातातलं झाकण पडलं.

"सिलिंडर हवाय का?" तिने विचारलं.

"नाही," आत्या म्हणाली. "सूप हवंय. माझ्या भावासाठी."

मी तुम्हाला सांगते, माझ्या आत्याने आयुष्यात जितकी ओझी उचलली त्यातलं सगळ्यात जड हे वाक्य असणार. पलीकडचीने बाऊल भरला. बाबांनी चमचा तोंडात घातला, आणि त्यांचे डोळे मदतीसाठी माझ्याकडे वळले. मीही चव घेतली. आत्या बाकी काहीही असो, खोटं बोलत नव्हती. नुसतं कोमट पाणी, त्यात कोबी हरवलेला.

"आता त्या टेबलाकडे बघ," आत्या म्हणाली. "ते आजोबा चौऱ्याण्णव. त्या बाई एक्क्याण्णव. तो पत्ते पिसतोय तो त्र्याण्णव. आणखी तिघं आहेत. इतकी वर्षं हेच पितायत ते." मग पलीकडचीकडे वळून जरा खालच्या आवाजात म्हणाली, "वाईट वाटून घेऊ नका."

"कशाचं?" पलीकडची म्हणाली. "मला कुठे येतं सूप करता. मी चपलांच्या कारखान्यातून आलेय."

आत्या बाबांना घेऊन आपल्या हॉलमध्ये आली. जेवणं होऊन गेली होती. कॅप्टन तेवढे कोपऱ्यात पेंगत होते, आणि सिस्टर बीपीचं मशीन गुंडाळत होती. आत्याने खिडकीजवळच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

"इथे पोस्टमन बसायचा. दोन बाऊल घ्यायचा, माझी पाठ वळली की तिसरा. थंडी सुरू होताना आला, थंडी संपायच्या आत गेला. एकोणसत्तर." ती पुढच्या खुर्चीकडे गेली. "इथे गाणं शिकवणाऱ्या बाई. गाजर वेचून कडेला लावायच्या, म्हणून मी घालायचंच बंद केलं. चौऱ्याहत्तर. इथे कुलपं दुरुस्त करणारा. गरम चालायचंच नाही त्याला, वर साय धरेपर्यंत थांबायचा, मी रोज ओरडायची. या टोकाला दोघं नवराबायको, एकाच बाऊलमध्ये दोन चमचे. आधी तो गेला, मग ती. ती तर साठीची होती रे."

ती प्रत्येक खुर्चीपाशी थांबत होती. तिच्या तोंडून या माणसांबद्दल मी कधी ऐकलं नव्हतं. कुणी गेलं की आत्या दोन दिवस विनाकारण भांडायची, भांडी आपटायची, आणि मग नव्या माणसाला बघत बसायची, एवढंच आम्हाला माहीत.

"यांना काय मी वेगळं वाढलं होतं का?" ती म्हणाली. "एकाच पातेल्यातलं होतं, धाकट्या. जीव तोडून केलं होतं. पेपरवालीने या माणसांना विचारलं नाही. विचारणार कशी? ती पाच उरली म्हणून त्यांना विचारलं."

बाबा पोस्टमनच्या खुर्चीवर बसले. त्यांनी टेबलावर बोट फिरवलं.

"मग गोळीचं काय?" ते म्हणाले. "हिच्या आईने बीपीची एकही गोळी चुकवली नव्हती ताई. एक दिवससुद्धा नाही. मी स्वतः काढून द्यायचो, सकाळी दोन, रात्री एक. पाण्याचा ग्लास हातात द्यायचो. तरी गेली. आणि आता मी तीच पाकिटं फोडत बसू? रोज सकाळी हात पाकिटाकडे गेला की वाटतं, कशाला? तुझं सूप निदान तुझ्या हातचं तरी होतं."

मी इतके आठवडे त्यांच्यावर ओरडत होते आणि मला हे माहीतच नव्हतं. मला वाटत होतं त्यांना अक्कल नाही. त्यांना आईची आठवण येत होती.

आत्या त्यांच्या शेजारची खुर्ची ओढून बसली.

"गोळ्यांनी तिला किती वर्षं दिली, ते मला माहीत नाही," ती म्हणाली. "कदाचित पाच दिली असतील. कदाचित एकही नाही. ते बघायला गोळ्या न घेणारी दुसरी ती नव्हती ना आपल्याकडे. एका माणसावरून कळत नाही. तिच्यावरून नाही कळत, कॅप्टनवरून नाही, तुझ्यावरूनही नाही कळणार. हजारो माणसांना गोळी दिली, हजारोंना नाही दिली, आणि मोजलं. घेणारे कमी गेले. एवढंच आहे बघ. गॅरंटी नाही."

"गॅरंटी नाही तर घेऊ कशाला?"

"कारण मला तू हवा आहेस!" आत्या एवढ्याने ओरडली की कॅप्टन दचकून जागे झाले. "गोळी घेतलीस तर तू असण्याची शक्यता जास्त आहे. थोडीशी जास्त. ती थोडीशीसुद्धा मला सोडायची नाही. कळलं?"

बाबा रडत होते आणि हसतही होते. शर्टाच्या बाहीने त्यांनी डोळे पुसले, आणि लहान भाऊ शोधतो तशी फट त्यांनी शोधली. "आणि तू गं ताई? तू शेवटचं कधी तपासलंस?"

आत्या उठून आधीच पुसलेलं टेबल पुसायला लागली. सिस्टरने गुंडाळलेलं मशीन पुन्हा उलगडलं. "मी दोन वर्षं मागे लागलेय," ती म्हणाली. पट्टा आत्याच्या दंडाला बांधला, फुगवला, आकडा बघितला, आणि पुन्हा फुगवला. आत्याचा आकडा बाबांपेक्षा वरचा होता.

"चवीपुरतं मीठ," कोपऱ्यातून कॅप्टन म्हणाले.

त्या दिवसापासून बहीणभाऊ दोघंही गोळी घ्यायला लागले. सूपही सुरूच राहिलं, मीठ जरा कमी करून, आणि हॉलमध्ये त्यावरून बंडाळी झाली ती निराळी. फाटकाशी डबे घेऊन येणाऱ्यांना आत्या सूप द्यायची आणि वर सांगायची, "भूक भागेल. बाकी डॉक्टरला विचारा." गर्दी लवकरच ओसरली. पलीकडची अधूनमधून चादरींआडून यायची आणि कांदा कितपत परतायचा ते बघून जायची. तिच्या सूपला चव येत गेली हे आत्यानेही मान्य केलं, अर्थात तिच्या माघारी. बाबांचा आकडा खाली आला. त्यांच्या हातातून पुन्हा कधी काही पडलं नाही. गोळीमुळे की तसंही पडलं नसतं, हे मी सांगू शकत नाही. पण चांगली चार वर्षं गेली.

आणि मग आत्याच गेली. बीपीने नाही. पोटात काहीतरी वाढत होतं, कळलं तेव्हा उशीर झाला होता, आणि दोन महिन्यांत सगळं आटोपलं. तिच्या गोळीचा त्या दुखण्याशी काडीचाही संबंध नव्हता. तरी शेवटच्या आठवड्यापर्यंत ती सिस्टरला विचारायची, "माझी गोळी दिलीस का?"

तिला पोचवून आलो त्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं. एक लांबची काकू माझ्या पाठीमागे कुणाला तरी सांगत होती, "दुसऱ्यांना नव्वदीपर्यंत नेलं, आणि स्वतः बघा. ना सूप उपयोगी पडलं ना गोळी." मला त्या बाईला घराबाहेर काढावंसं वाटलं. पण खरी धडकी भरली ती बाबांकडे बघून. त्यांनीही ऐकलं होतं. आई गेली तेव्हा ते असेच खाली बघत बसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. बाबा टेबलाशी बसले होते, पुढ्यात पाकीट आणि पाण्याचा ग्लास. हात हलत नव्हता. या वेळी ओरडायचं नाही असं मी ठरवलं होतं. आणि ओरडून तरी काय सांगणार होते? आधी आई, आता ताई. त्यांच्या जागी मी असते तर पाकीट खिडकीतून फेकलं असतं.

"काय बघतेस?" मान वर न करता ते म्हणाले. "एक ती गेली म्हणून गोळी खोटी ठरत नाही. एवढं कळतं मला आता."

त्यांनी गोळी फोडली, जिभेवर ठेवली, पाणी प्यायले. ग्लास खाली ठेवला.

"गोळी बरोबर आहे गं," ते म्हणाले. "पण मला ताई हवी होती."